आक्कांचा गुरुवार

फोन वाजला तेव्हा सकाळचे सहा चाळीस झाले होते. रिसीव्हर उचलण्याआधी मी फ्रिजच्या वरच्या भिंतीकडे पाहिलं. ती सवयच आहे. तिथे आमचं दुसरं घड्याळ टांगलेलं आहे, कोल्हापूरच्या वेळेचं. त्यात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. दुपारी चार वाजता कोल्हापुरातून अमेरिकेला कुणी सहज म्हणून फोन करत नाही... पलीकडे विलास होता, माझ्या बायकोचा मावसभाऊ. "दाजी, मावशी गेली. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही." मी वसुधाच्या हातात फोन दिला. तिने एकच प्रश्न विचारला, "वार कुठला आज?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "बुधवार ना. म्हणजे मटण केलं असेल." केलं होतं. आक्कांनी पांढरा रस्सा दोनदा मागून घेतला होता. हे ऐकून माझी बायको रडता रडता हसली.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. नवरात्रासाठी म्हणून सप्टेंबरात कोल्हापूरला गेल्या होत्या, डिसेंबरात परत येणार होत्या. वय शहात्तर. सासरे गेल्यावर ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्या इथे, डेट्रॉईटजवळच्या ट्रॉय गावात, आमच्याकडे राहायला आल्या. तेव्हा आमची मीनल आठ वर्षांची होती आणि अमोल पाच. आक्का आल्यापासून दिवसातून वीस वेळा विचारायच्या, "गावाकडं आत्ता काय वाजलं असंल?" मी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मापं तपासणारा इंजिनिअर आहे. एकच उत्तर वीस वेळा तोंडी देणं मला पटेना. मी सेलवर चालणारं घड्याळ आणलं, कोल्हापूरच्या वेळेला लावलं आणि भिंतीवर टांगलं. ऑक्टोबरच्या शेवटी इथली सगळी घड्याळं एक तास मागे घेतात. मी घरभर फिरून काटे मागे करत होतो, तेव्हा आक्का खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "तुमचं घड्याळ वर्षातनं दोनदा शब्द फिरवतं, जावईबापू. माझं बघा."

त्याच वर्षी नोव्हेंबरात पेच पडला. थँक्सगिव्हिंग हा इथला सगळ्यात मोठा जेवणाचा सण. दूरदूरची माणसं घरी येतात, सगळे एका टेबलाशी बसतात आणि मधोमध अख्खी भाजलेली टर्की, म्हणजे कोंबडीहून कितीतरी मोठा पक्षी. तो येतो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. दर वर्षी, न चुकता, गुरुवारीच. आणि आक्का गुरुवार धरायच्या. वसुधा सात वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला होता. एकविसाव्या दिवशीही ताप उतरेना, तेव्हा आक्का दत्तासमोर बोलल्या होत्या, की पोर उठून बसू दे, मी जन्मभर गुरुवार करीन. पोर उठून बसली. तेव्हापासून एरवी आवडीने मटणमासे खाणारी ही बाई गुरुवारी वशाट तोंडाला लावायची नाही. तेवढंच नव्हे, ज्या पंगतीत वशाट वाढलंय त्या पंगतीला बसायचीही नाही. आता ज्या नवसावर माझी बायको जिवंत राहिली, त्याबद्दल मी काय बोलणार?

तोपर्यंत आम्ही थँक्सगिव्हिंग करत नव्हतो. चार दिवस सुट्टी, एवढंच त्याचं महत्त्व. पण त्या वर्षी मीनल शाळेतून एक चित्र घेऊन आली. स्वतःचा पंजा कागदावर ठेवून, भोवती रेघ ओढून त्याची टर्की केलेली, आणि खाली टेबल, त्याभोवती पाच खुर्च्या. एकेका खुर्चीवर नाव लिहिलेलं. आक्कांनी स्वतःची खुर्ची बोट लावून विचारून घेतली आणि म्हणाल्या, "मी न्हाई बसायची गं बाळा, माझा गुरुवार. तुम्ही जेवा, मी माझ्या खोलीत हाय की." मीनलने चित्राची घडी घातली. "देन आय वोन्ट ईट आयदर," ती म्हणाली. नुसतं म्हणाली नाही, आजीचा हट्टीपणा तिच्यात पुरता उतरला होता.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. शनिवारी करू, असं सुचवलं. मीनल म्हणाली, शनिवारी थँक्सगिव्हिंग नसतं. टर्कीच नको, असं वसुधाने सुचवलं. अमोलने भोकाड पसरलं, कारण त्याच्या वर्गातल्या सगळ्यांच्या घरी टर्की होती. मग आक्काच म्हणाल्या, "वार सूर्य उगवला की बदलतो. शुक्रवारी उजाडता उठू आन् खाऊ." सकाळी पावणेआठला, बाहेर बर्फ पडत असताना, टर्की... मी मान वर केली आणि माझी नजर त्या घड्याळावर गेली.

"आक्का," मी विचारलं, "नवस कुठे बोलला होता तुम्ही?"

"कुठं म्हंजे? घरात. कोल्हापुरात."

"मग सूर्य कुठला धरायचा? जिथे शब्द दिला तिथला, की इथला?"

मी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात सूर्योदय पाहिला, कोल्हापूरसाठी चारपाच मिनिटांचा फरक केला. सहा चव्वेचाळीस. एक मिनिट सवलतीचं, म्हणजे पावणेसात. त्यातून साडेदहा तास वजा केले. कोल्हापुरात शुक्रवार उजाडतो तेव्हा आमच्याकडे गुरुवारची संध्याकाळ असते, सव्वाआठ. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. मला वाटलं होतं की त्या एक तर रागावतील, नाही तर खूश होतील. त्यांनी चष्मा लावून आकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मग बुधवारी सव्वाआठला माझा गुरुवार लागला म्हणा की."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"शेवट तुमच्या सोयीचा आन् सुरुवात माझ्या, असं न्हाई चालायचं," त्या म्हणाल्या. "बुधवारी सव्वाआठ ते गुरुवारी सव्वाआठ. त्यातलं मिनिट न्हाई सोडायची. कबूल असंल तर बसते तुमच्या टेबलाला." मीनलने चित्राची घडी उलगडून फ्रिजवर चिकटवली.

त्या वर्षीपासून मी एक वही ठेवली. ती आत्ता माझ्यासमोर आहे. टर्की चौदा पौंड, रविवारी रात्री फ्रीझरमधून खाली. बुधवारी दुपारी दही, आलं, लसूण आणि कोल्हापूरहून आलेला कांदा-लसूण मसाला आक्का स्वतःच्या हाताने चोळणार, आठच्या आत हात धुणार. पहिल्यांदा तो पक्षी पाहिला तेव्हा त्या दोन पावलं मागे सरल्या होत्या. "ही कोंबडी? हिचं लग्न लावायचं का जेवायची?" क्रॅनबेरी म्हणून जी आंबट लाल फळं इथे टर्कीबरोबर साखरेत शिजवून खातात, त्यातलं एक कच्चं चावून त्या म्हणाल्या, "ही तर करवंदाची बहीण," आणि मोहरी, हिंग, लाल तिखट घालून त्याचं लोणचं केलं. ते आता आमच्या गल्लीतल्या दोन अमेरिकन घरांतही जातं. गुरुवारी मात्र त्या टर्कीला हात लावत नसत. ओव्हनपासून सहा फुटांवर खुर्ची टाकून बसायच्या आणि तिथून मला हुकूम सोडायच्या. "जयवंतराव, पाठ करपायली. उलटी करा. आवो, तिची पाठ, तुमची न्हवं!" तीनला टर्की आत, सव्वासातला बाहेर. तिथून पुढचा एक तास वाट बघण्याचा.

हा तास फार अवघड होता, हे मी कबूल करतो. शेजारी चार वाजताच जेवून झोपा काढत असायचे. आमच्याकडे घरभर वास आणि ताटं रिकामी. पहिल्या वर्षी अमोल टेबलावर डोकं ठेवून झोपी गेला, हातात काटा तसाच. मी टर्की कापायची म्हणून मनगटी घड्याळ काढून खिडकीत ठेवलं होतं आणि जेवणघरात सुरीला धार लावत होतो. इतक्यात आक्कांची हाक आली, "पावणेसात झाले! चला, बसा!" मी स्वयंपाकघरात डोकावलो. कोल्हापूरच्या घड्याळात बरोबर पावणेसात. मला वाटलं, धार लावताना वेळ भरकन गेला. आक्का पाचव्या खुर्चीवर येऊन बसल्या, अमोलला हलवून उठवलं आणि पहिला घास त्याच्या तोंडात घातला. मग स्वतः खाल्ला. "निबर हाय," म्हणाल्या, "पण चव लागलीया." आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

अशी सात वर्षं झाली. मेनू फारसा बदलला नाही: टर्की, लोणचं, बटाट्याची भाजी, मक्याची उसळ, आणि आक्कांच्या आग्रहावरून शेवटी थोडा दहीभात. पाहुणे मात्र वाढले. आठच्या सुमाराला जेवण असल्याने आपापल्या घरी चारला जेवून झालेले लोकही आमच्याकडे परत जेवायला येत. एका वर्षी अकरा माणसं होती. सगळे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, मनगटाकडे न बघता, त्या घड्याळाकडे बघायचे आणि काटा पावणेसातवर आला की टाळ्या वाजायच्या. कोल्हापुरात सूर्य उगवला म्हणून मिशिगनमध्ये टाळ्या!

या सगळ्यात एकच गोष्ट मला खटकायची. थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी मी कोल्हापूरला फोन लावून तिथली वेळ विचारायचो, आणि दर वर्षी ते घड्याळ वीस मिनिटं पुढे गेलेलं असायचं. वहीत तशी नोंद आहे. ब्याऐंशी: घड्याळ वीस मिनिटं पुढे, सेल बदलला. त्र्याऐंशी: पुन्हा वीस, सेल बदलला. चौऱ्याऐंशी साली मी कारण शोधलं. ओव्हन साडेचार तास चालतो, त्याच्या उष्णतेने आतल्या यंत्रावर परिणाम होत असणार. तसं लिहून ठेवलं आहे. पंचाऐंशीत मी घड्याळाच्या मागे पुठ्ठा लावला. तरी वीसच. आक्का मला पुठ्ठा कापताना बघत होत्या आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "जाड घ्या जरा."

दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी आम्ही चौघं याच वहीभोवती बसलो होतो. यंदा थँक्सगिव्हिंग करायचं की नाही, इथूनच सुरुवात होती. वसुधा म्हणाली, करायचं. मग वेळ कुठली, हा प्रश्न आला. नवस आक्कांचा होता, त्यांच्याबरोबर तो संपला. आता आम्ही जगासारखे चार वाजता जेवू शकतो. अमोल आता बारा वर्षांचा आहे. तो म्हणाला, "फोर इज वीअर्ड." मी म्हटलं, ठीक आहे, सव्वाआठ, पण आधी त्या घड्याळाचं काहीतरी करायला हवं, दर वर्षी वीस मिनिटं पुढे जातं. मीनल माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, डू यू रिअली वॉन्ट टू नो?"

पहिल्या वर्षी अमोल टेबलावर झोपला तेव्हा आक्का स्वयंपाकघरात गेल्या होत्या, आणि मीनल त्यांच्या मागोमाग. आक्कांनी पायरीचं स्टूल ओढलं, वर चढल्या आणि मागची कळ फिरवून काटा पुढे नेला. मीनल म्हणाली, "आजी, दॅट्स चीटिंग!" आजीने खाली बघून ओठांवर बोट ठेवलं. "पोरगं उपाशी झोपतंय. वीस मिनिटांचं माझं मी बघून घेईन. तुझ्या बाबाला सांगू नकोस, मोजत बसंल." मीनलने सात वर्षं सांगितलं नाही. पुढे पुढे तर स्टूल तीच धरायची.

ज्यातलं एक मिनिटही सोडायचं नाही असं आक्कांनी आम्हाला बजावलं होतं, तो वार वसुधासाठी धरलेला होता... मी वहीची पानं उलटू लागलो. टर्की किती उरली, कोणी किती खाल्ली, हे मी शुक्रवारी लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी अंदाज येतो. ब्याऐंशी, शुक्रवार सकाळ: चौघांनी सँडविच. आक्का फक्त चहा, पोट जड. त्र्याऐंशी, शुक्रवार: आक्का फक्त चहा, पोट जड. मी सातही वर्षं पाहिली. प्रत्येक शुक्रवारी दुपारी बारापर्यंत या बाईने चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. बारा वाजले की उठायच्या, उरलेल्या टर्कीचा तांबडा रस्सा करायच्या, भाकरी थापायच्या आणि मग आमच्याबरोबर चापून जेवायच्या. वीस मिनिटं घेतली आणि अर्धा दिवस परत केला. सात वर्षं मी माझ्या हाताने लिहीत होतो आणि मला वाटत होतं, काल टर्की जास्त झाली असेल.

मी वही वसुधाकडे सरकवली. तिने ती सात पानं एकेक करून वाचली, डोळे पुसले, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि यंदाच्या पानावर दोन ओळी लिहिल्या. गुरुवार: जेवण, घड्याळात पावणेसात वाजता. शुक्रवार सकाळ: वसुधा फक्त चहा.

घड्याळामागचा पुठ्ठा मी काढून टाकला आहे. सेल बदललेला नाही, त्याची कधीच गरज नव्हती. पायरीचं स्टूल गॅरेजमध्ये गेलं होतं, ते पुसून पुन्हा फ्रिजशेजारी ठेवलं आहे. मीनल म्हणते की ती स्टूल धरेल, पण चढायचं यंदा बाबांनी. "मोजून वीसच करा हं," वसुधाने मला बजावलं.

मी म्हटलं, ते माझं मी बघून घेईन.