गोळ्याच्या गाडीखालची दरी

मी घाटंजीत भूगोल शिकवतो, पण हिमनदी पुस्तकातच पाहिलेली. बाजारातल्या बर्फगोळेवाल्यानं खरी पाहिली होती. कापसाच्या मंदीत जिनिंग बंद पडलं, तेव्हा गाठींचा ट्रक चालवणं सोडून तो हिमाचलात सफरचंदं वाहायला गेला होता.

"वितळलेलं पाणी एवढ्या खोल दऱ्या कसं कापतं?" मी विचारलं.

बर्फ किसायच्या रंध्याचं पातं धारेसाठी ओल्या रेतीवर घासत तो म्हणाला, "नुसतं पानी काय कापते, गुरुजी? बर्फ डोंगराचा चुरा करते. तो चुरा घेऊन पानी घासत जाते." मग गाडीखाली बोट दाखवलं. बर्फाच्या पाण्यानं मातीत घळ कोरली होती. टोकाला वीतभर धबधबा गटारात पडत होता.

पुढच्या बाजाराला मी अख्खा वर्ग तिथं नेला.

नंतरच्या उन्हाळ्यात तो आलाच नाही. वर्ग मी अजून नेतो. घळ बुजलेली असते, म्हणून आदल्या दिवशी जाऊन पायानं कोरून ठेवतो.