खिशातले हात

युनन गिल्डे हा डनेगॉलमधला रॉकेलवाला. थंडी पडली की टँकर घेऊन घरोघर जायचा, परसातल्या टाक्या भरायचा आणि प्रत्येक घरी चहा प्यायचा, कारण नको म्हटलं की लोकांना राग येतो. मे उजाडला की गिऱ्हाईक आटायचं आणि तो सायकल काढायचा.

त्याच दिवसांत सायकलींची मोठी शर्यत असते. आठवडाभर देशाला वळसा, रोज नवं गाव, नवी चढण. पुढे परदेशचे पगारी गडी, मागे आपापल्या काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, हौशी. हौशी काही जिंकत नाहीत. पण जो शेवटच्या दिवसापर्यंत टिकतो त्याला मरेपर्यंत ‘शर्यतीचा माणूस’ म्हणतात. दफनाच्या वेळी पाद्रीसुद्धा न विसरता सांगतो. युननला तेवढंच हवं होतं. चाळिशी उलटली तरी ते मिळालं नव्हतं.

एकदा मिळता मिळता गेलं होतं. तेव्हा शर्यत त्याच्याच गावावरून, मामोरच्या खिंडीतून गेली होती. तो रस्ता भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा उभा. तिथे मागे पडलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून त्याला चार पावलं पुढे ढकलायचं, ही लोकांची जुनी रीत. नियमात बसत नाही, पण पंच तेवढ्यापुरते मेंढ्यांकडे बघतात. मात्र रीतीलाही पोच लागते. पॅकीमामाने पंचाची मोटारसायकल शेजारी असताना, ‘हा माझा भाचा’ असं ओरडत युननला थेट माथ्यावरच्या विहिरीपर्यंत ढकललं. मग पंचाला बघावंच लागलं. युननला वेळेचा दंड झाला, त्या दंडाने तो मुदतीबाहेर गेला आणि मुदतीबाहेर गेलेला शर्यतीतूनच बाद होतो. मामा करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

मग एका वर्षी शर्यत पुन्हा मामोरवरून जाणार असं कळलं. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. रविवारी प्रार्थना संपल्यावर युनन चर्चच्या दारातच उभा राहिला.

“ऐका सगळे. त्या दिवशी मला कुणी हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही.”

“अंगावर गांधीलमाशी बसली तर?” पॅकीमामाने विचारलं.

“बसू दे. मामा, तू तर दोन्ही हात खिशातच ठेव.”

“आणि पडलास तर?” हे त्याच्या बायकोने, डिंपनाने विचारलं.

“पडलो तरी.”

“ऐकलंत ना?” डिंपना लोकांकडे वळून म्हणाली. “साहेब सोवळ्यात आहेत. शिवू नका.”

लोक हसले, आणि त्यांनी ते मनावर घेतलं.

मामोरचा दिवस शेवटून दुसरा होता. युनन तोवर टिकून होता. शेवटच्या टोळक्यात तो धरून पाच-सहाजण होते आणि मागे, थकलेल्यांना उचलून घेणारी झाडूगाडी. त्याचा हिशेब साधा होता. माथा टोळक्याबरोबर ओलांडला की पलीकडच्या सपाटीवर, समुद्राच्या वाऱ्यात, एकमेकांच्या आडोशाने मुदतीत पोचता येईल. एकट्याला ते जमणार नाही.

चढाला गाव लोटला होता. केरी काउंटीचा एक गडी डगमगला, तसा म्हाताऱ्या खाटकाने त्याच्या पाठीला हात लावला. “पाहुणा आहे बिचारा,” तो म्हणाला. मग पुढच्याने हात दिला, मग त्याच्या पुढच्याने. एकेक करून टोळक्यातले सगळे हातोहात वर गेले. पंचाची मोटारसायकल विहिरीपाशी थांबली होती आणि पंच मेंढ्या बघत होता.

युनन आला की मात्र लोक एक पाऊल मागे सरत. त्याच्या नावाने ओरडत होते, पण हात खिशात. त्यातल्या प्रत्येकाच्या घरची टाकी त्याने भरली होती. टोळकं वळणाआड गेलं, तसा त्याचा सगळा ताठा उतरला. त्याला हात हवा होता, कुणाचाही, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती. वळणावर पॅकीमामा उभा होता. युननने उरलेला सगळा श्वास गोळा केला.

“मामा...”

“आहे लक्षात!” मामा रडवेला होऊन ओरडला. “हात खिशातच आहेत, पोरा!”

युननने माथा एकट्याने ओलांडला आणि सपाटीवर वारा एकट्याने अंगावर घेतला. तो पोचला तेव्हा मुदत टळली होती आणि माणसं अंतिम रेषेजवळचे कठडे ट्रकमध्ये भरत होती. डिंपनाने त्याच्या हातात चहा दिला. मामा मागून तिच्याच गाडीतून आला होता.

“मी हात लावला नाही,” मामा म्हणाला.

“बघितलं मी.”

“फार जड गेलं रे.”

“बघितलं, मामा.”

रागवायचं तरी कुणावर? युनन चहा प्यायला. त्यानंतर तो शर्यतीत उतरला नाही.

पुढे काही वर्षांनी शर्यत परत मामोरवर आली, तेव्हा तो त्याच वळणावर उभा होता. सगळ्यांच्या मागून टिपररीचा एक टकला गडी रस्ताभर नागमोडी जात वर आला. मागे झाडूगाडी होती. युननने हात पुढे केलेला पाहून तो धापा टाकत म्हणाला, “नको, हात नको लावू, माझं मी चढतो.”

युननने वर पाहिलं. पंच मेंढ्यांकडे बघत होता. मग युननने त्या माणसाच्या ओल्या पाठीवर दोन्ही हात टेकवले.

“तोंड मिट आणि पाय मार,” तो म्हणाला, आणि ढकलत निघाला.