नारूवरचा लेख आणि बहिणीची सोयरीक

संशोधकाची किंमत ठरते ती त्याच्या लेखांचा आधार इतर संशोधक किती वेळा घेतात यावरून. या मापाने मी फुकटातही महाग होतो. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं आणि मी दूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जंतुशास्त्र शिकवत होतो. ग्रंथालयात नवं संशोधन-मासिक आलं की बाकीचे पहिलं पान उघडत. मी प्रत्येक लेखाची शेपटी आधी बघे, कारण संदर्भ तिथे दिलेले असतात. माझं नाव एकदाच सापडलं, तेही माझ्याच दुसऱ्या लेखात.

पहिला लेख धाड या बाजाराच्या गावाजवळच्या आमच्या खेड्यावर होता. गावची विहीर पायऱ्यांची. बाया पाण्यात उतरून घागरी भरत आणि त्याच पाण्यातून नारू पसरे. पायातून दोऱ्यासारखा लांब किडा निघे. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढावा लागे. मी घरोघर फिरून पाय पाहिले, पाणी तपासलं आणि गावाच्या नावासकट सगळं इंग्रजीत छापून आणलं. शेवटी उपाय लिहिला, की पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्यावं.

वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. पण गावाचं नाव कुठे आहे ते मी बोट ठेवून दाखवलं, तशी त्यांची छाती फुगली. बाजाराच्या दिवशी लेखाची प्रत खिशात घालून ते धाडला जाऊ लागले. इथवर ठीक होतं. पण धाकट्या बहिणीची सोयरीक धामणगाव बढे या गावातल्या एका घरी जुळायला लागली, तेव्हा त्यांनी पत्रिकेसोबत माझा लेखही पाठवून दिला. घराणं शिकलेलं आहे हे कळावं म्हणून. मुलाचे मामा शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. असा वाचक मला तोवर मिळाला नव्हता.

बहिणीने मुलाला एका लग्नात पाहिलं होतं आणि तो तिच्या मनात भरला होता. ही सोयरीक मोडली असती तर ती बोलली नसती, पण आतून खचली असती. त्यामुळे पाहुणे आले त्या दिवशी घरात सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला होता.

मामा सरळ मुद्द्यावर आले. "डॉक्टरसाहेब, तुमच्या गावात घरोघरी नारू हाये, असं तुम्हीच छापलं. मंग अशा गावची पोरगी करावी कशी?"

वडील माझ्याकडे पाहू लागले. मग मी आयुष्यातलं सगळ्यात ओघवतं भाषण ठोकलं. लेख जुना आहे, अभ्यास घाईत झाला, नव्या संशोधकाच्या हातून राईचा पर्वत होतो. शिवाय आजवर जगात दुसऱ्या एकाही माणसाने या लेखाचा आधार घेतलेला नाही, हेही ठासून सांगितलं. एवढं एक सोडलं तर बाकी सगळी थाप होती.

मामा विचारात पडले. आपण जिंकलो, असं मला वाटलं. तेवढ्यात बहीण पाणी घेऊन आली आणि मुलाच्या आईसमोर थांबली.

"पाणी गाळेल हाये," ती म्हणाली. "दादानं लिवलं ना, दुहेरी फडक्यानं, तसंच. तवापासून आमच्या घरी कोणाले नारू नाही झाला. तुमच्या घरी गाळता का?"

मुलाची आई म्हणाली, "नाही वं माय. आमच्या इकडच्या बाया बी विहिरीतच उतरते. माह्या या भावाच्याच पायातून मांगच्या साली निंघाला."

मामांनी धोतर घोट्यापर्यंत ओढून घेतलं.

"मंग मी आल्यावर गाळत जाईन," बहीण म्हणाली.

मुलाची आई हसली आणि सुपारी फुटायची तेवढी बाकी राहिली. वडील सगळ्यांना पुन्हा पुन्हा चहाचा आग्रह करत सुटले.  माझ्या लेखावर विश्वास ठेवणारं पहिलं माणूस समोर उभं होतं आणि मी नुकताच तो लेख खोटा ठरवला होता. बहिणीने मलाही पेला दिला. मी मान खाली घालून पाणी प्यालो.