दीड आटा

रंगनाथ वायरमनच्या कामात एकच दोष होता. ते बिघडत नसे.

नाशिकरोडच्या टपरीवर बाकीचे वायरमन त्याला समजावत, की बाबा रे, एखादा स्क्रू जरा सैल ठेवावा, सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाला आपली आठवण यायला नको का? रंगनाथला ते जमत नसे. तो वायरीचं टोक अर्धा इंच सोलायचा, तारा पिळायचा, टोक दुमडून टर्मिनलच्या भोकात घालायचा, स्क्रू आवळायचा आणि मग अडेल बैलाचा कासरा ओढावा तशी वायर ओढून बघायचा. ती हलली नाही की मगच पुढचा सॉकेट. परिणाम असा, की ज्या घरात तो एकदा जाऊन आला तिथं त्याला परत बोलवायला कारणच उरत नसे. वीस वर्षांत त्यानं निम्मा जेलरोड उजळला, पण दिवाळीच्या फराळाला बोलावणारं एक घर त्यात नव्हतं.

स्वतः तो देवळालीगावात एका खोलीत राही. आधी बहिणींची लग्नं व्हायची होती, ती झाली तोवर याचं वय झालं, आणि तो विषय सगळ्यांनी सोयीनं सोडून दिला. खोलीत एक बल्ब, एक पंखा, एक सॉकेट. सॉकेट उत्तम बसवलेला, पण त्यात खुपसायला घरात काही नव्हतं. रेडिओ होता, तो सेलवर चालायचा.

सत्त्याण्णव साली त्याला लहानूबाबांच्या नव्या घराचं काम मिळालं. बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कोळशाच्या यार्डात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. गल्लीत त्यांचा रुबाब असा, की गावातला प्रत्येक दिवा जणू त्यांनी फुंकर घालून पेटवलाय. पण घरात साधा प्लग लावायचा तर हाताला टॉवेल गुंडाळायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. त्यांच्या बायकोचं, चिमणाबाईंचं म्हणणं, की हे आयुष्यभर कोळशाच्या ढिगाकडे बघत बसले, वीज तिकडे दुसरीच माणसं करत होती. यावर बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. निरोप रंगनाथमार्फत चालले.

काम बारा दिवस चाललं. पहिल्या दुपारी चिमणाबाईंनी त्याचा डबा उघडून आतली कालची पोळी आणि लोणच्याची फोड पाहिली, आणि झाकण लावून डबा परत पिशवीत ठेवला. तेव्हापासून तो त्यांच्यातच जेवायला. त्याला कारलं आवडत नाही, हे आता जगात आणखी एका माणसाला माहीत झालं होतं.

बाराव्या दिवशी शेवटचा सॉकेट राहिला. स्वयंपाकघरातला, मिक्सरचा. रंगनाथनं न्यूट्रलची वायर आत घातली, स्क्रू आवळत आणला आणि दीड आटा बाकी असताना हात थांबवला. वायर ओढून बघितली नाही. कव्हर लावून टाकलं. महिन्याभरात मिक्सर कुरकुर करेल, मग निरोप येईल. निरोपासाठी आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा फोन नंबर त्यानं दोनदा लिहून दिला, एकदा वहीच्या पानावर आणि एकदा कॅलेंडरवर.

पुढचे दोन दिवस तो दुकानात जाऊन फोन आला का विचारत होता. तिसऱ्या दिवशी एका जुन्या घरात त्याला जळका सॉकेट काढावा लागला. ढिल्या टर्मिनलनं तापून तापून प्लास्टिक पापडासारखं फुगलं होतं. ते हातात घेऊन रंगनाथ स्टुलावर बसूनच राहिला. चिमणाबाई मिक्सरचं बटण दाबतात तेव्हा त्यांचा हात ओला असतो. बारा दिवस त्यानं ते पाहिलं होतं.

तो हातातलं काम टाकून सायकलवर निघाला. घरात शिरून त्यानं थेट मेन स्विच बंद केला, सॉकेट उघडला. तांब्याचं टोक जरासं काळवंडलं होतं, एवढंच. त्यानं ते पुन्हा सोललं, स्क्रू आवळला, वायर ओढली. हलली नाही.

लहानूबाबा मागं येऊन उभे होते. ढिला राहिला होता का, त्यांनी विचारलं, आणि स्वतःच म्हणाले, की राहतं एखादं चुकून.

इथं गप्प बसलं असतं तर सगळं निभावलं असतं. नाव राहिलं असतं, घरही राहिलं असतं.

"चुकून नाही, बाबा. मीच ठेवला," रंगनाथ म्हणाला. "परत बोलवाल म्हणून."

बाबांचा चेहरा उतरला. मग त्यांनी घरातला प्रत्येक बोर्ड उघडायला लावला. डोळे मिटणाऱ्या माणसानं त्या दिवशी चष्मा लावला आणि एकेक वायर स्वतःच्या हातानं ओढून पाहिली. एकही हलली नाही. बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

रंगनाथ पिशवी भरत असताना चिमणाबाई दारात आल्या.

"कामाबिगर यायला तुला कुणी नाय म्हणलं होतं का रे?"

रंगनाथनं पिशवीचा बंद बांधला. कामाशिवाय कुणाच्या घरी जातात ते कसं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. पिशवी घरीच ठेवली, त्यामुळं चालताना उजवा हात सारखा कुठंतरी आपटत होता. फाटकावरून दोनदा पुढं गेला, दोनदा परत आला. शेवटी बेल दाबली.

"कोण हाय?" आतून चिमणाबाईंनी विचारलं.

या प्रश्नाला वीस वर्षं त्याच्याकडे एकच उत्तर होतं, वायरमन. ते आज चालणार नव्हतं. त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं, मग काढलं. आतून पुन्हा तोच प्रश्न आला.

"रंगनाथ," तो म्हणाला. पण इतक्या हळू, की ते आत ऐकू गेलं की नाही, हे कळायला त्याला दार उघडेपर्यंत तिथंच थांबावं लागणार होतं. तो थांबला.