मामांच्या घरावर पाळत

अख्ख्या लातूर जिल्ह्यात सरकारला सगळ्यात जास्त धाक कुणाचा असेल, तर तो मुरुडच्या आमच्या मामेसासऱ्यांचा, असं निदान त्यांचं स्वतःचं ठाम मत आहे. दालमिलमधून निवृत्त झाल्यापासून मामा एकोणिसाव्या शतकातल्या एका दाढीवाल्या जर्मन क्रांतिकारकाचं राजकीय लेखन वाचतात, आणि ही बातमी वरपर्यंत पोचली आहे याबद्दल त्यांना शंका नाही. केबलवाला आला की, "ह्यो केबल बघाया आला न्हाई." नवा दूधवाला दुधात पाणी घालत नाही म्हटल्यावर तर तो खबऱ्याच. पुस्तकांना त्यांनी सोयाबीन बियाण्यांच्या कॅलेंडरची कव्हरं घातली आहेत. त्यामुळे गल्लीतले शेतकरी फवारणीचा सल्ला विचारायला येतात आणि मामा आवाज खाली आणून सांगतात, "एकेकट्यानं फवारू नका. समदे मिळून फवारा." गंमत म्हणजे त्याचा गुण येतो.

दर रविवारी त्यांचं अभ्यासमंडळ भरतं. मंडळात आता मी एकटाच उरलोय; "तुम्हाला कुणी पाठविलं?" असं मामा प्रत्येकाला दर वेळी विचारायचे, त्याला कंटाळून बाकीचे गेले. आधी दार बंद, मग खिडकी. मामींनाही चहा आणताना बाहेरून नाव सांगावं लागतं. उकाड्यानं जीव जातो, पण मामा म्हणतात, "उकडू द्या, जावईबापू. भाईर ऐकायलेत."

आणि एका रविवारी खरोखरच पोलीस दारात आला. मामांनी धुतलेला सदरा चढवला, मामींना "वाट बघू नको" म्हणाले आणि कव्हरं काढून सगळी पुस्तकं आपणहून टेबलावर मांडली. पोलीस आला होता शेजारच्या डॉक्टरीणबाईंच्या पासपोर्टच्या चौकशीला. त्यानं एक जाडजूड पुस्तक चाळलं आणि म्हणाला, "लई चांगला छंद हाय, काका. टाइमपास व्हतो." चहा पिऊन तो गेला.

तेव्हापासून मामा खिडकी उघडी ठेवू लागले. वारा छान यायचा, पण मला तो सोसवत नव्हता. वाचता वाचता मामा थांबायचे आणि विचारायचे, "ह्याच्यात आता काय दम ऱ्हायला न्हाई का हो?" काहीतरी करायला हवं होतं.

परवा मी धापा टाकतच आत शिरलो. "मामा, कोपऱ्यावर एक माणूस उभा आहे. इकडंच बघतोय."

मामा ताडकन उठले. खिडकी लावली, कडी घातली. मग माझ्याकडे वळून बारीक डोळ्यांनी बराच वेळ बघत राहिले.

"तुम्हाला बरा दिसला त्यो! खरं सांगा जावईबापू, तुम्हाला कुणी पाठविलं?"

किती दिवसांनी ऐकला हा प्रश्न! मला भरून आलं. मी पोराबाळांची शपथ घेतली. मामांचा विश्वास बसला नाही. कपाळावरचा घाम पुसत त्यांनी पुस्तक उघडलं आणि अगदी हळू आवाजात वाचायला सुरुवात केली.