काळ्या कापडातला ‘ग’ डबा

आधीच सांगून टाकते – भूत, भानामती, करणी, यातलं काहीही मी कधी मानलं नाही. नुसतं मानलं नाही असं नाही, पस्तिशीत असताना वर्ध्याच्या आसपासच्या गावांत स्टेजवर उभी राहून मी नारळ पेटवून दाखवायचे. ‘पाहा, यात मंत्र नाही, रसायन आहे!’ शाळेत विज्ञान शिकवायचे. कडक इस्त्रीची साडी आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू गुरुत्वाकर्षण माझ्या परवानगीनेच चाललंय. एकदा बोरगाव मेघेला नारळाच्या आधी माझा पदरच पेटला... तोही मी ‘प्रयोगाचा भाग’ म्हणून खपवला. अशी ती बाई. आज ती भेटली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग बस म्हणेन, जरा दम खा.

तर, गेल्या वर्षीची गोष्ट. माझी नात मुक्ता समुद्रपूरला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. आम्ही राहतो पिपरी मेघेला. रोज जाम गावावरून जायचं आणि तिथून पुढे खेड्यापाड्यांत गाईम्हशी तपासायच्या, म्हणून तिनं एक सेकंडहँड मोटरसायकल घेतली. आधीच्या मालकानं तिचा सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदललेला होता. मूळचे पार्ट कुठे गेले, ते त्यालाही सांगता येईना.

गाडी देखणी, पण एक खोड. ॲक्सिलरेटर दिला की क्षणभर अडखळायची, मग एकदम उसळायची. एका सकाळी जामच्या चौकात हायवे ओलांडताना नेमकी मधोमध बंद पडली. ट्रक हातभर अंतरावर थांबला. मुक्तानं हे मला आठ दिवसांनी सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता. मी म्हटलं, “गाडी नीट होईपर्यंत किल्ली माझ्याकडे.”

“आजी, मग नोकरी कशी करू? उडत जाऊ का?”

“दुरुस्त कर, नाई तर विक. चौकात मरायले नाई जायचं.”

जामलाच रस्त्याच्या कडेला गजूभाऊंचं गॅरेज आहे. त्यांनी समजावून सांगितलं – सायलेन्सर मोकळा, फिल्टर मोकळा, म्हणजे इंजिनात हवा जास्त येते. पण गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल जुन्याच हिशोबानं सोडतो. त्यावर उपाय ट्यूनर. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा डबा, सीटखाली वायरींच्या मध्ये जोडायचा. तो पेट्रोलचं प्रमाण वाढवतो.

“दोन आहेत आपल्याजवळ,” गजूभाऊ म्हणाले. “लाल पट्टीवाला आन् निळी पट्टीवाला. लालवाला घ्या, डोळे मिटून घ्या.”

डोळे मिटून! हे शब्द ऐकले आणि माझ्यातली ती नारळवाली बाई ताडकन उठून बसली. मी म्हटलं, “गजूभाऊ, डोळे मिटून मी देवालेही हात जोडत नाई. दोन्ही द्या, पंधरा दिवस वापरून पाहतो.”

“आजी, तुमचा विश्वास नाई का माह्यावर?”

“अजिबात नाई.”

हसले बिचारे, पण दिले. जोडायचे कसे तेही दाखवलं.

घरी आल्यावर मी प्रयोग मांडला. गाडी चालवणारीला डबा कोणता ते कळता कामा नये. कळलं की मन आपलं काम सुरू करतं. म्हणून दोन्ही डबे सारख्याच काळ्या कापडात शिवले – ‘क’ आणि ‘ख’. आणि मग मला खोडी सुचली. तिसरा एक डबा तयार केला. रिकामा! गाडीच्या मूळ वायरी एकमेकींना जोडून टाकायच्या आणि हा नुसता बाजूला ठेवून द्यायचा. मुक्ता यालाही ‘छान आहे’ म्हणाली, तर सगळाच मनाचा खेळ, आणि गजूभाऊंचे डबे परत.

वजन सारखं यावं म्हणून आत काहीतरी भरायला हवं होतं. आमच्या ह्यांची एक डबी कपाटात पडून होती. हे कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, आणि रविवारी आळीतल्या स्कूटरी दुरुस्त करायचे. डबीत जुन्या कार्बोरेटरचे पितळी जेट – बारीक भोकाचे स्क्रूच म्हणा, पेट्रोल किती जायचं ते त्या भोकावर ठरायचं. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे आणि म्हणायचे, “आईक, गाडी बोलून राह्यली.” मी म्हणायचे, “खोकला झाला असंल, आडुळसा पाजा तिले.” चारचौघांत म्हणायचे. लोक हसायचे, हे पण हसायचे. मुक्ताच्या जन्माआधीच गेले.

ते जेट मुठीनं डब्यात भरले, कापडात शिवले. ‘ग’.

पहिले काही दिवस मुक्ताला घराजवळच, मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवायला लावली. मी वहीत लिहीत होते. ‘क’ – बरी, पण गरम होते. ‘ख’ – अडखळणं कमी, धक्का तसाच. मग ‘ग’ ठेवला. मुक्ता दोन चकरा मारून आली आणि हेल्मेटही न काढता म्हणाली, “आजी, हाच. आता गाडी आपलं आइकते.”

मी मनात हसले. सापडलीस, म्हटलं.

मग मी स्वतः मागे बसले. वयाच्या सत्तरीत, पदर खोचून. अडखळ नाही. उसळी नाही. ताक घुसळल्यासारखा एकसारखा आवाज. माझं हसू तिथेच थांबलं.

बरं, दोघींचाही भास असेल. म्हणून गाडी गजूभाऊंकडे नेली. सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजायचं यंत्र आहे त्यांच्याकडे, लॅपटॉपला जोडलेलं. यंत्राला कुठलं आलंय मन? त्यांनी रेस दिली, स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा दिली, मग माझ्याकडे पाहिलं – चोरी पकडल्यासारखं.

“हा माहा डबा नाई.”

“नाई.”

“कोणत्या कंपनीचा हाय, आजी?”

“घरचाच म्हणा ना.”

“हवा-पेट्रोलचं इतकं बरोबर मिक्चर मी लॅपटॉपवर दिवसभर बसून नाई काढू शकत. सीट खोला, पाहू द्या.”

“नाई.”

“काऊन नाई?”

“तुमचा विश्वास नाई का माह्यावर?”

पण गंमत तेवढ्यापुरतीच होती. घरी येऊन मी एकटीनं सीट उघडली. वायरी पाहिल्या – मूळच्या मूळ, एकमेकींत जोडलेल्या. डबा कशालाच जोडलेला नव्हता. मी डबा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी गाडी अडखळली. त्याच डब्यात जेटऐवजी तेवढ्याच वजनाची गिट्टी भरली, अडखळली. जेट परत भरले, सुरळीत. तीन वेळा केलं. यंत्रावरही दोनदा नेली. गजूभाऊंना विचारलं, गाडीचा कॉम्प्युटर आपोआप शिकत असेल का? ते म्हणाले, “शिकला असता तं डबा काढल्यावर भुलला नसता न.” एखादी सैल वायर डब्याच्या वजनानं दबत असेल म्हणावं, तर गिट्टीनं का नाही दबली? पितळेमुळे म्हणावं, तर कुलपाच्या पितळी किल्ल्या भरूनही पाहिल्या. अडखळली.

दोन्ही खरे डबे मी परत केले. गजूभाऊ अजूनही संशयानं बघतात. त्यांना वाटतं, मी नागपूरच्या एखाद्या ट्यूनरवाल्याला सामील आहे.

मुक्ताला मी किल्ली दिली. ती रोज जामचा चौक ओलांडते आणि पोचल्यावर फोन करते. ‘ग’ म्हणजे नागपूरहून मागवलेला तिसरा डबा, असंच तिला वाटतं. मी सांगितलेलं नाही. अनेकदा तोंडाशी आलं. पण सांगितलं आणि गाडी पुन्हा चौकात मधोमध थांबली तर? हा प्रयोग करायची माझी हिंमत नाही. ज्या बाईनं गावोगाव लोकांचे ताईत सोडून घेतले, तिनंच आपल्या नातीच्या सीटखाली एक बांधून ठेवलाय – काळ्या कापडात, दुहेरी टाका घालून.

वही अजून आहे. शेवटच्या पानावर ‘निष्कर्ष’ लिहून दोन रेघा मारल्यात, खाली कोरं. कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा, मी खरंच वाचेन. पण डबा उघडून दाखवा म्हणू नका. परवा गाडी धुताना मुक्ता सीट काढायला गेली, तर मी ओरडलेच, “हात नको लावू! मी पुसतो तिथलं.”

“काऊन गं आजी?”

“वॉरंटी जाते,” म्हटलं.