मखमलाबादचा झेंडू आणि माझा फळा

आमच्या ऑफिसात नुकतंच 'अजाइल' आलं होतं आणि मला त्याचं नवं नवं वेड होतं. मोठं काम छोट्या तुकड्यांत करायचं आणि रोज सकाळी उभ्याउभ्या सगळ्यांनी सांगायचं: काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय. हे कॉम्प्युटरशिवाय चालेल का, हे बघायची खुमखुमी काही जाईना. तेवढ्यात नाशिकहून ताईचा फोन आला. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, झेंडूचं एक वावर पहिल्यांदाच तिच्यावर सोपवलं होतं. सुट्या फुलांऐवजी हार करून विकायचे, असं तिने एका दुकानदाराशी ठरवलं होतं. दसऱ्याला जमलं तर वावर तिच्याकडे, नाहीतर पुन्हा तात्यांकडे. मी लगेच रजा टाकली.

पुण्याहून जाणार असाल तर शिवाजीनगरची सकाळची एशियाड पकडा आणि डावीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. संगमनेरला भज्यांचा वास सुटतो. मोह आवरा. नाशिकला उतरून पापड-दह्यासकट मिसळ हाणायची तर पोटात जागा हवी. खिशाला जड नाही. पुढे सीबीएसवरून ताईच्या मखमलाबादला सिटी बस जाते. ती चुकली तर रिक्षावाला मागेल ते द्यायची तयारी ठेवा.

दुसऱ्या दिवशी पडवीत फळा टांगला आणि 'काल', 'आज', 'अडलंय' असे तीन रकाने आखले. "ही शाळा कशापायी?" तात्या म्हणाले, पण हात मागे बांधून उभे राहिले. हार ओवणाऱ्या बायकांची म्होरकी सखूबाई पदर सावरत म्हणाली, "काल फुलं खुडली, आज हार करू." काय अडलंय, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायचे आणि म्हणायचे, "काय नाय." रोज तेच. 'अडलंय'चा रकाना कोराच, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

अष्टमीच्या सकाळी एकही बाई आली नाही.

"त्या वणीला गेल्या, देवीच्या दर्शनाला," दाजी म्हणाले. "दरसाल जातात."

"मग काल कुणी बोललं का नाही?"

तात्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "देवीला जाणं म्हंजे अडणं हाय का?"

ताईचा चेहरा उतरला होता. "मला वाटलं, यंदा हार आहेत म्हणून थांबतील. विचारायला हवं होतं," ती म्हणाली. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं. तिने मोबाइल उचलला, तशी तात्यांचा आवाज चढला. "शब्द दिलाय. माघार घ्यायची नाय."

तरी तिने त्यांच्यासमोरच दुकानदाराला सांगितलं, "भाऊ, हार निम्मेच होतील. बाकीची सुटी फुलं देते." पलीकडून बरीच कुरकुर झाली. शेवटी तो म्हणाला, "आज सांगितलंत ते बरं केलंत. उद्या कळलं असतं तर मी काय करणार होतो?"

मग घरचे सगळे ओवायला बसलो. माझ्या बोटांना सुई इतक्यांदा टोचली की दाजींनी मला फुलं निवडायला बसवलं. नवमीला बायका परतल्या, आधी प्रसाद वाटला आणि मग भराभर हात चालवून राहिलेलं काम उरकलं. निम्मे हार वेळेत गेले. सखूबाईला मी हळूच विचारलं, आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तुमी इचारलं कुठं?"

दसऱ्याला तात्यांनी ताईच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, पण वावराबद्दल अवाक्षर काढलं नाही. परतीच्या एशियाडमध्ये मला तेच खात होतं.

पुण्यात आल्यावर ऑफिसचा फळा पूर्वीइतका साजरा दिसेना. 'काही अडलं नाही' म्हणणाऱ्यांकडे मी जरा जास्त वेळ बघायला लागले. ताईच्या वावराचं काय झालं, हे मात्र विचारायचा धीर होत नव्हता.

परवा रोपं टाकायच्या दिवसांत तिचाच फोन आला. माझे सगळे रकाने तिने पुसून टाकलेत. आता सकाळी एवढंच विचारतात, कुणाला कधी कुठं जायचंय. पहिल्याच दिवशी कुणी तोंड उघडेना, तेव्हा तात्या बोलले.

"मला मोतीबिंदू काढायला जायचंय. वरीस झालं, नीट दिसत नाय. वावराचं तूच बघ."